वाघाच्या पोटातल्या बातम्या

ताडोबाच्या सफारीत वाघ दिसला की जिप्सीतले सगळे मोबाइल एकदम वर होतात. वाटेत त्याची विष्ठा दिसली तर मात्र नाकाला रुमाल! संशोधकांचं नेमकं उलटं. वाघ दोन मिनिटं दर्शन देतो आणि झाडीत नाहीसा होतो. विष्ठा जागेवर पडून राहते आणि विचाराल ते सांगते. वाघानं काय खाल्लं, पाणवठ्यावर काय पकडलं, शेजाराला कोण आहे, एवढंच काय, त्याच्या खापरपणजोबांच्या काळात काय घडलं, हेसुद्धा. ही खबर देणारे असतात त्याच्या आतड्यातले जंत आणि इतर परजीवी. वाघ, सिंह, बिबट्या, प्यूमा, रानमांजर अशा सगळ्या मार्जारकुळाच्या पोटातून आलेल्या या काही ताज्या बातम्या. त्यातली एक मात्र चांगली सतरा हजार वर्षांची शिळी आहे.

तरंगलं ते कामाचं

कोकणात पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट बी तरंगतं, ते फेकायचं. भरलेलं बी बुडतं, ते पेरायचं. जंत शोधणाऱ्यांची प्रयोगशाळाही मिठाच्या पाण्यावरच चालते, फक्त तिथे तरंगणारा माल मोलाचा. विष्ठेचा छोटासा नमुना मिठाच्या दाट द्रावणात ढवळला की बहुतेक गोलकृमींची हलकी अंडी वर येतात आणि वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. पर्णकृमींची अंडी जड असतात, ती तळाच्या गाळात शोधावी लागतात. म्हणून एकाच नमुन्याची दोनदा झडती.

अंडी नुसती बघायची नसून मोजायची असतील तर खाने आखलेली ‘मॅकमास्टर’ काचपट्टी लागते. ही पद्धत १९३९ साली सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत मेंढ्यांसाठी तयार झाली. मेंढरांसाठी केलेलं माप आज जगभर वाघालाही लावतात!

जमिनीला टेकलेलं नको

नमुना गोळा करणाऱ्यांचा एक साधा नियम आहे : विष्ठा जितकी ताजी तितकी बरी, आणि मातीला टेकलेला भाग घ्यायचा नाही. मातीत स्वतंत्रपणे जगणारे असंख्य सूक्ष्म कृमी असतात. ते विष्ठेत शिरले की प्रयोगशाळेत त्यांचीही हजेरी लागते, आणि वाघाच्या नावावर नसलेला आजार जमा होतो.

अंड्यावरून कुळी कळते

जंत स्वतः क्वचितच दिसतो. ओळख पटते ती अंड्यावरून. गोलकृमी टॉक्सोकाराच्या अंड्याच्या कवचावर बारीक खळगे असतात. केसकृमींच्या अंड्याला दोन्ही टोकांना बुचं. पट्टकृमी टीनियाचं अंडं जाड कवचाचं, आत सहा आकड्यांचा भ्रूण. फुप्फुसात राहणाऱ्या पर्णकृमीच्या अंड्याला तर चक्क झाकण असतं. हे सगळं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढ्या जागेत!

टॉक्सोकाराची आणखी एक खोड. मांजरांत त्याच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लांपर्यंत पोचतात. म्हणजे पिल्लानं पहिला उंदीर मारण्याआधीच त्याच्या पोटात जंत हजर.

डायनोसॉरवाल्यांचा वाघ

‘डायनोसॉर’ हे नाव जगाला देणारे ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी ते नाव १८४२ साली छापलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १८३६ साली, ते एका वेगळ्याच प्राण्यात गुंतले होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण वाघ मेला. ओवेननी त्याच्या जठराच्या भिंतीत एक काटेरी डोक्याचा कृमी शोधला : ग्नॅथोस्टोमा स्पिनिजेरम.

हा कृमी वाघाकडे पोचतो तो पाण्यातून. आधी पाण्यातला बारीक कवचधारी जीव, मग मासा, बेडूक किंवा साप, आणि शेवटी त्यांना खाणारं मांजर. म्हणजे एखाद्या रानमांजराच्या पोटात हा सापडला तर त्याची जेवणाची जागा पाण्याच्या काठावर आहे, हे न बघताही सांगता येतं. थायलंडसारख्या देशांत गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाणाऱ्या माणसांतही तो शिरतो. पण माणूस त्याचं खरं घर नसल्यामुळे अळी वयात येत नाही, कातडीखाली नुसती भटकत राहते. आज दंडावर सूज, काही दिवसांनी पोटावर!

वाघ खेकडे खातो?

१८७७च्या सुमारास हॅम्बुर्ग आणि ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत बंगाली वाघ मेले. त्यांच्या फुप्फुसांत एक जाडसर पर्णकृमी मिळाला. १८७८ साली प्राणिशास्त्रज्ञ कर्बर्ट यांनी त्याचं वर्णन केलं आणि ॲम्स्टरडॅम प्राणिसंग्रहालयाचे संचालक वेस्टरमान यांचं नाव त्याला दिलं : पॅरागोनिमस वेस्टरमानी. संचालकांचा सन्मान झाला की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कृमी फुप्फुसात, मग विष्ठेत त्याची अंडी कशी? वाघ खोकतो, अंडी कफाबरोबर घशात येतात, वाघ ती गिळतो आणि ती आतड्यातून बाहेर पडतात. या कृमीचं बालपण गोगलगायीत जातं आणि पौगंडावस्था खेकड्यात. त्यामुळे विष्ठेत झाकणवालं अंडं दिसलं की दोन शक्यता : वाघानं ओढ्यातला खेकडा मटकावला, नाहीतर खेकडे खाणारं रानडुक्कर. जपानमध्ये रानडुकराचं कच्चं मांस खाणाऱ्या माणसांना असाच संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.

आपल्याकडे ही गोष्ट मणिपूरपर्यंत पोचते. तिथे कच्चे किंवा अर्धे शिजलेले खेकडे खाल्ल्यामुळे याच कुळातल्या कृमीचा संसर्ग होतो. खोकला आणि थुंकीतून रक्त ही लक्षणं बघून क्षयाचे उपचार सुरू होतात, आणि अर्थातच गुण येत नाही. थुंकीत अंडं दिसलं की निदान बदलतं.

गाईला जंत दिले कोणी?

गोमांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात टीनिया सॅजिनाटा हा लांबलचक पट्टकृमी वाढतो. बराच काळ समज असा, की माणसानं गुरं पाळली आणि गुरांनी त्याला हा जंत दिला. २००१ साली परजीवीतज्ज्ञ एरिक होबर्ग आणि सहकाऱ्यांनी पट्टकृमींची वंशावळ मांडली आणि आरोपी बदलला. माणसाच्या या जंताचा जवळचा भाऊबंद निघाला आफ्रिकी सिंहाच्या पोटात : टीनिया सिंबे. माणसातल्या जंतांची ही शाखा फुटली ती सुमारे पावणेआठ लाख ते सतरा लाख वर्षांपूर्वीच्या काळात. गुरं पाळणं ही तर गेल्या दहा हजार वर्षांतली गोष्ट.

मग घडलं काय? आफ्रिकेच्या गवताळ रानात आपले पूर्वज आणि सिंह एकाच हरणाच्या मांसावर ताव मारत होते. सिंहानं मारलेलं माणसानं पळवलं असेल, किंवा माणसानं स्वतःच शिकार केली असेल. जंत दोघांनाही मिळाले. पुढे लाखो वर्षांनी माणसानं गाय दावणीला बांधली आणि तिच्या चाऱ्यात आपले जंत मिसळले. गाय निर्दोष, आरोपी आपण!

सतरा हजार वर्षांची शिळी बातमी

अर्जेंटिनातल्या काटामार्का प्रांतात, पेन्यास दे लास त्राम्पास नावाच्या कपारीत एका प्यूमानं विष्ठा टाकली. तेव्हा हिमयुग पुरतं सरलेलं नव्हतं. कोरड्या थंड हवेत ती वाळून टिकली. संशोधकांनी ती प्रयोगशाळेत पुन्हा भिजवली, डीएनए काढला आणि २०१९ साली निष्कर्ष छापला. विष्ठा प्यूमाचीच, आत टॉक्सास्कारिस लिओनिना या गोलकृमीची अंडी, आणि वय १६,५७० ते १७,००० वर्षं. परजीवीचा इतका जुना डीएनए तोवर जगात कुणी वाचलेला नव्हता.

आता यातली खरी गंमत. हा जंत दक्षिण अमेरिकेतल्या रानटी प्राण्यांत शिरला तो माणसाच्या पाळीव कुत्र्या-मांजरांमुळे, असा एक समज होता. प्यूमाच्या या विष्ठेनं तारीखवार पुरावा दिला, की त्या भागात माणूस पोचण्याआधीच जंत तिथे मुक्कामाला होता. निदान या एका प्रकरणात पाळीव मनी निर्दोष सुटली.

मांजरच का? कारण तेल!

आता जंतांकडून एकपेशीय पाहुण्याकडे वळू. टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा परजीवी उंदीर, शेळी, पक्षी, देवमासा, माणूस अशा कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो. १९०८ साली तो पहिल्यांदा सापडला तोही ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात आणि ब्राझीलमध्ये सशात. पण त्याचं लैंगिक पुनरुत्पादन मात्र फक्त मार्जारकुळाच्या आतड्यात होतं. घरची मनी असो की वाघ, पत्रिका याच कुळाशी जुळते. १९७० साली ही गोष्ट पक्की करणाऱ्यांत फ्रेंकेल आणि नॅन्सी मिलर यांच्याबरोबर भारतात पशुवैद्यक शिकलेले जितेंद्र प्रकाश दुबेही होते.

मांजरच का, याचं उत्तर यायला २०१९ साल उजाडलं. आपल्या करडई-सूर्यफुलाच्या तेलात भरपूर असणारं लिनोलेइक आम्ल इतर सस्तन प्राण्यांच्या शरीरात एका विकराच्या मदतीनं पुढे रूपांतरित होतं. मांजरांच्या आतड्यात हे विकर कामच करत नाही, त्यामुळे तिथे हे आम्ल साचून राहतं. परजीवीला नेमकं हेच हवं असतं. संशोधकांनी उंदरांना हे आम्ल खाऊ घातलं, त्यांचं विकर औषधानं बंद पाडलं, आणि काय आश्चर्य! उंदराच्या विष्ठेतून परजीवीची ‘ऊसिस्ट’, म्हणजे संसर्ग पसरवणारी कवचबंद रूपं, बाहेर पडू लागली. परजीवीच्या लेखी त्या उंदराचं मांजर झालं होतं.

भीती गेली, जीव गेला

उंदराच्या अंगात शिरलेल्या टॉक्सोप्लाझ्माला कसंही करून मांजराच्या पोटात जायचं असतं. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की बाधित उंदरांची मांजराच्या वासाची भीती कमी होते. काही तर त्या वासाकडे ओढले जातात!

पुढचे किस्से मोठ्या प्राण्यांचे. गॅबनमध्ये बाधित चिंपांझी बिबट्याच्या मूत्राचा वास घ्यायला जास्त वेळा पुढे आले. वाघ-सिंहाच्या मूत्राच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. चिंपांझीचा पिढीजात वैरी बिबट्याच, हे परजीवीला बरोबर ठाऊक असावं! हा अभ्यास २०१६चा. केनियातल्या मसाई मारात तरसांची बाधित पिल्लं सिंहांच्या जास्त जवळ जाताना दिसली, हे २०२१ साली छापून आलं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या लांडग्यांची गोष्ट सगळ्यांत नाट्यमय आहे. २०२२च्या अभ्यासानुसार बाधित लांडगा कळपाचा म्होरक्या होण्याची शक्यता ४६ पट जास्त. हा संसर्ग जास्त सापडला तो प्यूमांच्या हद्दीत वावरणाऱ्या लांडग्यांत. म्हणजे लांडग्यांच्या राजकारणात प्यूमाच्या आतड्याचा हात! धाडस परजीवीमुळे आलं, की मुळात धाडसी असलेलेच प्यूमाच्या वाटेला गेले, हे अशा नोंदींतून वेगळं काढणं अवघड असतं. पण या दोन शिकाऱ्यांच्या वाटा कुठे मिसळतात, ते मात्र रक्ताच्या तपासणीतून कळलं.

डोंगरात प्यूमा, नळाला ताप

कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली शंभरेक लोकांना एकाच सुमारास टॉक्सोप्लाझ्माची बाधा झाली. मांजर पाळणारे आणि न पाळणारे, दोघेही आजारी. नकाशावर रुग्णांच्या खुणा केल्या तेव्हा माग गेला शहराला पाणी पुरवणाऱ्या एका तलावाकडे. त्या भागातल्या प्यूमांच्या विष्ठेत पुढे ऊसिस्ट सापडली. पाऊस विष्ठा धुऊन तलावात नेतो, तलावातून नळ, नळातून पेला.

कॅलिफोर्नियात हेच पाणी आणखी पुढे, थेट समुद्रात जातं. तिथे टॉक्सोप्लाझ्मानं मेलेल्या समुद्री ऊदमांजरांतला परजीवी आणि जवळच्या किनाऱ्यावरच्या भटक्या मांजरांतला व बॉबकॅटमधला परजीवी एकाच वाणाचे निघाले, असं २०१९ साली दिसून आलं. जमिनीवरचं मांजर समुद्राला पाय न लावता समुद्रातला प्राणी मारू शकतं, ते असं.

थंड घरातला नाजूक पाहुणा

मनुल म्हणजे मध्य आशियाच्या थंड पठारांवरचं गुबगुबीत, कायम वैतागलेल्या चेहऱ्याचं रानमांजर. आपल्याकडे ते लडाखात आहे. बहुतेक मांजरं टॉक्सोप्लाझ्मा सहज पचवतात. मनुलची प्राणिसंग्रहालयात जन्मलेली पिल्लं मात्र त्यानं पटापट दगावतात. कारण त्यांच्या मूळ घरात दडलंय. उंच, कोरड्या, गारठलेल्या माळावर दुसरी मांजरं विरळ आणि ऊसिस्टना जगण्याजोगा ओलावाही कमी. मंगोलियातल्या रानटी मनुलांत हा संसर्ग फारच थोडा आढळला. ज्या शत्रूशी पिढ्यान्‌पिढ्या गाठच पडली नाही, त्याच्याशी लढायला शरीर शिकणार कुठून?

उसने जंत, खरी साक्ष

विष्ठेत सापडलेला प्रत्येक जंत मांजराचाच असतो असं नाही. वाघानं चितळ खाल्लं तर चितळाच्या आतड्यातल्या परजीवींची अंडीही पोटात जातात आणि तशीच्या तशी बाहेर पडतात. मोनिएझिया हा रवंथ करणाऱ्यांचा पट्टकृमी. बिबट्याच्या विष्ठेत त्याचं अंडं दिसलं तर त्या आठवड्यातल्या जेवणात हरीण, शेळी किंवा वासरू होतं, एवढं पक्कं.

सार्कोसिस्टिस नावाचा परजीवी तर शिकार आणि शिकारी अशी जोडीच मागतो. अर्धं आयुष्य भक्ष्याच्या स्नायूत, अर्धं शिकाऱ्याच्या आतड्यात. जोडी तुटली की त्याचा वंश संपला. त्यामुळे तो सापडणं म्हणजे त्या रानात खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघंही नांदताहेत याची पावती.

बिबट्या, कुत्रा आणि पिसू

अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनानं ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. आता कुत्र्याबरोबर काय काय येतं बघा. डिपिलिडियम हा पट्टकृमी कुत्र्या-मांजरांत पिसवांमार्फत पसरतो. अंग चाटताना पिसू गिळली की जंत पोटात. उसाच्या फडातल्या बिबट्याच्या विष्ठेत हा कृमी मिळाला, तर त्याचं जेवण गावकुसाजवळ चाललंय, हा संशय घ्यायला जागा आहे. त्याच फडातलं रानमांजर किंवा चिमुकली वाघाटी उंदरांवर जगत असेल, तर पोटात उंदरांमार्फत येणारा पट्टकृमी असण्याची शक्यता जास्त. एकच शेत, दोन मांजरं, दोन जंत!

वाघ गवत का खातो?

वाघाच्या विष्ठेत अधूनमधून न पचलेलं गवत दिसतं. ‘पोट बिघडलं की खातो’ हे आपलं आवडतं उत्तर. अमेरिकेतल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांना विचारलं, तेव्हा बहुतेक मांजरं गवत खाण्याआधी ठणठणीत होती, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकारी काढणारीही थोडीच. त्यांचा तर्क असा, की गवताचे तंतू आतड्याची हालचाल वाढवतात आणि जंत बाहेर ढकलतात. रानातल्या पूर्वजांची ही सवय घरच्या मनीनं गादीवर लोळतानाही सोडलेली नाही.

विष्ठेत न सापडणारा चतुर

ओल्युलानस ट्रायकस्पिस हा जेमतेम एक मिलिमीटरचा कृमी मांजरांच्या जठरात राहतो. प्राणिसंग्रहालयांतल्या वाघ-सिंहांतही तो मिळाला आहे. त्याची मादी अंडी घालतच नाही, थेट अळ्यांना जन्म देते, आणि अळ्या ओकारीतून दुसऱ्या मांजराकडे जातात. त्यामुळे विष्ठा कितीही तपासा, हा सहसा हाती लागत नाही. त्याला शोधायचं तर ओकारीच तपासावी लागते. काम कुणाचं सोपं नसतं!

लिंक्स वाचली, तिची ऊ?

शेवटची बातमी कातडीवरची, पण मुद्दा सगळ्याच परजीवींना लागू होणारा. आयबेरियन लिंक्स हे स्पेन-पोर्तुगालचं रानमांजर २००२ साली शंभराच्या आत उरलं होतं. जिद्दीच्या संवर्धनानं २०२३मध्ये ही संख्या दोन हजारांवर गेली आणि २०२४ साली तिचा धोक्याचा दर्जाही एक पायरी कमी झाला. याच लिंक्सवर १९९७ साली एक खास ऊ सापडली होती, जी दुसऱ्या कुठल्याच प्राण्यावर राहत नाही. लिंक्सची संख्या रोडावली तेव्हा ही ऊही संपली असावी, अशी तज्ज्ञांना भीती आहे. यजमान नामशेष व्हायच्या आधीच त्याचे परजीवी नामशेष होऊ शकतात, आणि त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. जंतांनी भरलेलं रान आजारी असेलच असं नाही. बऱ्याचदा ते भक्ष्य, शिकारी आणि पाणवठा यांची साखळी शाबूत असल्याचं लक्षण असतं.

तेव्हा पुढच्या सफारीत विष्ठा दिसली तर नाक मुरडू नका, पण हातही लावू नका. गाइडला विचारा, तो बरंच सांगेल. ओढ्याचा खेकडा पूर्ण शिजवूनच खा. घरच्या मनीला पशुवैद्याच्या सल्ल्यानं जंताचं औषध द्या आणि तिचा मातीचा ट्रे रोज साफ करा. टॉक्सोप्लाझ्माच्या ऊसिस्टला बाधा करण्याजोगं व्हायला किमान एक दिवस लागतो. तुम्ही त्याआधी झाडू मारला, की डाव तुमचा.